शौचावरचा ताबा सुटतो तेव्हा : ऑपरेशन कधी, कोणते आणि किती उपयोगाचे?

‘संडास लागली की धरवत नाही’, ‘वारा सरला की लुगडं खराब होते’, ‘बाबांना कळतच नाही, कपड्यातच होते’. ओपीडीत ही वाक्ये बहुतेक वेळा दार बंद झाल्यावर आणि हळू आवाजात बोलली जातात. पुष्कळदा पेशंट मूळव्याध म्हणून येतो आणि निघता निघता खरी तक्रार सांगतो. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीत सुमारे ८ टक्के प्रौढांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात असल्याचे आढळले होते. म्हणजे तुम्ही एकटे नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या बचत गटात आणखी कोणीतरी हेच लपवत आहे.

हा लेख प्रौढांमधल्या जुन्या, काही महिने किंवा वर्षे चाललेल्या त्रासाबद्दल आहे. हगवणीच्या साथीत दोन दिवस धावपळ होते, ती वेगळी.

आधी एक तातडीची सूचना

शौचावरचा किंवा लघवीवरचा ताबा अचानक गेला असेल, सोबत कंबर खूप दुखत असेल, पायात जोर राहिला नसेल, लघवी अडली असेल किंवा बसण्याची जागा बधिर वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची ही लक्षणे असू शकतात. तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचे होते. तसेच संडासवाटे रक्त जाणे, वजन उतरणे, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यापैकी काही असेल तर आधी दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी झाली पाहिजे.

ताबा राहतो कसा?

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेवर चालत नाही. झोपेतही ते आवळलेले असते, आणि एरवीच्या बंदपणाचा मोठा वाटा त्याचाच. बाहेरचे कडे आपल्या हुकमतीत असते. भर बाजारात संडास लागली आणि तुम्ही ‘थोडं थांब’ म्हणून आवळून धरता, ते याच कड्याने. त्याच्या वर आणखी एक स्नायू गोफणीच्या पट्ट्यासारखा मागून पुढे ओढलेला असतो. त्यामुळे आतड्याच्या शेवटच्या भागाला बाक येतो आणि घट्ट मल वरच थांबतो. या सगळ्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसा कमरेच्या खालच्या मणक्यांतून येतात. आत वारा आहे की पातळ आहे की घट्ट, हे ओळखण्याची जाण गुदद्वाराच्या अस्तराला असते.

यातले नेमके काय बिघडले त्यावर लक्षण ठरते. पत्ता न लागता गळत असेल, तर आतले कडे किंवा संवेदना कमजोर असण्याचा संभव जास्त. लागल्याचे कळते, पण संडासपर्यंत पोचेपर्यंत होऊन जाते, तेव्हा दोष बहुधा बाहेरच्या कड्यात किंवा आतड्याच्या साठवण्याच्या क्षमतेत असतो. डॉक्टर ‘कळते का, कळत नाही?’ असे खोदून विचारतात ते यासाठी.

आपल्याकडे दिसणारी कारणे

बायकांमध्ये सगळ्यात महत्त्वाचे कारण बाळंतपण. मूल मोठे असणे, कळा लांबणे, चिमटा लावावा लागणे किंवा आडवळणाच्या गावात घरीच बाळंतपण होणे, अशा वेळी फाटण गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाऊ शकते. ती लगेच ओळखून ऑपरेशन थिएटरमध्ये नीट शिवली तर बहुतेक जणी बऱ्या होतात. ओळखलीच गेली नाही, तर काही बायकांना तेव्हाच त्रास सुरू होतो. पुष्कळ जणींना मात्र पाळी जाण्याच्या सुमारास, वीस-पंचवीस वर्षांनी, स्नायू म्हातारे झाल्यावर होतो. आणि त्या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या मनात येतही नाही. म्हणून पन्नाशीच्या बाईला मी पहिल्या बाळंतपणाची हकीकत विचारतो. ती उगाच नसते.

दुसरे कारण गुदद्वारावर झालेले आधीचे इलाज. भगंदराचा मार्ग स्नायूच्या खालून जात असेल तर तो उघडून टाकणे सोपे आणि सुरक्षित असते. तो स्नायूच्या वरच्या भागातून जात असताना सरसकट कापला, तर स्नायूच कापला जातो. एकेकाळी मूळव्याध आणि फिशरसाठी भूल देऊन गुदद्वार बोटांनी ताणण्याची पद्धत होती. त्यातूनही पुढे ताबा सैल झालेले पेशंट दिसतात. आपल्याकडे रस्त्यालगत ‘मूळव्याध-भगंदर, विना ऑपरेशन, एका इंजेक्शनात’ अशा पाट्या असतात. तिथे टोचतात ते औषध नेमके काय हे कोणी लिहून देत नाही, आणि नंतर जागा सडून आकसलेली घेऊन पेशंट येतो. पाटीवर ‘लेझर’ लिहिले म्हणजे स्नायू आपोआप वाचतो, असेही नाही.

इथे क्षारसूत्राबद्दल बोलले पाहिजे, कारण बरेच जण विचारतात. सुश्रुतसंहितेत भगंदरासाठी औषधी लावलेल्या दोऱ्याचा उल्लेख आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : क्षारसूत्राने जखम भरायला साधारण दुप्पट वेळ लागला, पण भगंदर परत होण्याचे प्रमाण कमी होते. प्रशिक्षित वैद्याकडून, मार्ग कुठून जातो याची तपासणी करून झालेले क्षारसूत्र आणि पाटीवाल्याचे इंजेक्शन, यांना एका मापात तोलू नका.

तिसरे, आमण बाहेर येणे, म्हणजे गुदभ्रंश. म्हातारपणी, किंवा वर्षानुवर्षे कुंथण्याच्या सवयीने, आतडेच बाहेर उतरते आणि स्नायू ताणून सैल करते. त्याखेरीज जुना मधुमेह, लकवा, मणक्याचा मार, गुदाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, ओटीपोटाला दिलेली किरणे ही कारणे आहेतच.

आणि एक कारण, जे घरच्यांनी लक्षात ठेवलेच पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना ‘सारखी पातळ होते’ म्हणून जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या जातात. प्रत्यक्षात आत घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत असते. गोळ्यांनी ते आणखी बिघडते. डॉक्टरांनी बोटाने तपासले की दोन मिनिटांत कळते. एनिमा आणि मल मऊ ठेवण्याचे औषध एवढ्यावर भागते, ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही.

ऑपरेशनच्या आधी काय करून पाहावे?

ताबा नसलेल्या बऱ्याच पेशंटना चाकूची गरज पडत नाही. पातळ मल धरून ठेवणे धडधाकट माणसालाही कठीण असते. मल घट्टसर झाला तर कमजोर स्नायूही निभावून नेतो. म्हणून पहिले काम मलाचा पोत सुधारण्याचे.

दोन आठवडे वहीत लिहा : काय खाल्ले, किती वेळा गेलात, कधी गळले, तेव्हा कळले होते का. बहुधा काही गुन्हेगार सापडतात. फार तिखट रस्सा, उपाशीपोटी दोन-तीन चहा, दूध पचत नसताना घेतलेले दूध, संत्र्याच्या हंगामात एका बैठकीत पाच-सहा संत्री. ज्वारीची भाकरी, भात, केळी, ताक बहुतेकांना मानवतात. इसबगोल फक्त बद्धकोष्ठतेचे औषध आहे असा समज आहे. ते पाणी शोषून पातळ मलालाही बांधते, म्हणून या त्रासात उपयोगी पडते. लोपरामाइडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणाआधी किंवा प्रवासाला निघण्याआधी घेता येते. मात्र आत खडा नाही याची खात्री करूनच.

व्यायाम असा : वारा अडवताना आवळतो तसे गुदद्वार आत आणि वर ओढा, पाच ते दहा सेकंद धरा, तेवढेच सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या किंवा श्वास आवळायचा नाही. निदान तीन महिने केले नाहीत तर ‘केले पण फरक नाही’ म्हणता येणार नाही. बायोफीडबॅक म्हणजे हेच व्यायाम, पण स्नायू किती आवळला हे यंत्रावर दाखवून शिकवलेले. गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडे ठरलेल्या वेळी रिकामे करायची पद्धतही आहे. मणक्याच्या आजारात तिचा विशेष उपयोग होतो.

तपासण्या

बोटाने केलेली तपासणी सगळ्यात आधी. ती टाळून थेट ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जा. स्नायू नेमका कुठे आणि किती तुटला हे गुदद्वाराच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत दिसते. दाब मोजण्याच्या तपासणीला मॅनोमेट्री म्हणतात. भगंदर असेल किंवा होऊन गेले असेल तर एमआरआय. दोन्ही तपासण्यांना भूल लागत नाही. अमरावती-अकोल्यात साधी सोनोग्राफी गल्लोगल्ली होते, पण ही आतून करायची तपासणी आणि मॅनोमेट्री प्रत्येक ठिकाणी नसते. त्यासाठी नागपूरला जावे लागू शकते. जाण्याआधी फोन करून तपासणी कोणत्या दिवशी होते आणि एनिमा घेऊन यायचे का, हे विचारून घ्या.

तुटलेला स्नायू जोडणे

बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये कड्याचा एक भाग तुटला असेल आणि बाकीचा स्नायू जिवंत असेल, तर हे ऑपरेशन. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स यांनी १९७१ मध्ये त्याची पद्धत मांडली. तुटलेली दोन टोके व्रणातून मोकळी करायची आणि अंगरख्याच्या दोन पदरांसारखी एकावर एक घेऊन शिवायची. कमरेखालची किंवा पूर्ण भूल देतात, दवाखान्यात काही दिवस राहावे लागते.

टाके पडल्यावर जखमेत जंतुसंसर्ग होणे किंवा ती थोडी उघडणे हे बऱ्यापैकी आढळते. जागाच तशी आहे. बहुतेक वेळा ती धुऊन, कोमट पाण्याच्या टबात बसून भरून येते. मल मऊ ठेवण्याचे औषध नेमाने घ्या. कुंथल्याने टाके सुटतात. साधारण सहा ते आठ आठवडे जड उचलणे, शेतातले वाकून करायचे काम आणि शरीरसंबंध बंद. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या तोंडावर ऑपरेशन ठरवू नका. घरचे ‘आराम कर’ म्हणतात, पण हंगामात बाई घरात बसत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

निकाल कसे असतात? पहिल्या एक-दोन वर्षांत बहुतेकांना चांगला फरक जाणवतो. पाच-दहा वर्षांनी मात्र तो फायदा बऱ्याच जणांत ओसरतो, कारण नसा आणि स्नायू वयाप्रमाणे थकतच जातात. ‘फरक’ म्हणजे काय हेही आधी स्पष्ट करून घ्या. घट्ट मल धरता येणे हे यश मानले जाते. वारा आणि पातळ मलावर पूर्ण ताबा येईलच असे नाही. ऑपरेशनआधी त्रासाचे गुण मोजून ठेवले, म्हणजे ० ते २० असा वेक्सनर गुणांक, तर नंतर तुलना करता येते. नाहीतर सर्जन म्हणतो बरे झाले आणि पेशंट म्हणतो तसेच आहे.

पुढचे बाळंतपण व्हायचे असेल तर दुरुस्ती त्यानंतर करावी की आधी, आणि सिझेरियन हवे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचे असते.

आमण बाहेर येत असेल तर

इथे ऑपरेशनचा फायदा चांगला असतो आणि उशीर केल्याने नुकसान होते. तब्येत धड असेल तर पोटातून, बहुधा दुर्बिणीने, आतडे वर ओढून मणक्याच्या हाडाशी बांधतात. वय फार असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर खालूनच, कमी भुलीत ऑपरेशन करतात. त्यात आमण परत येण्याचा धोका जास्त, पण जिवाला धोका कमी. आमण बसली की स्नायू काही महिन्यांत स्वतःहून थोडा सावरतो. म्हणून ताबा किती आला हे लगेच ठरवू नका.

नसेला विद्युत चालना

जर्मनीत मात्झेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या त्रासासाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या एका छिद्रातून बारीक तार नसेजवळ ठेवतात. आधी एक ते तीन आठवडे बाहेरच्या यंत्रावर चाचणी. तेव्हा तुमची वही उपयोगी पडते : गळण्याच्या वेळा निम्म्याने तरी कमी झाल्या, तरच नितंबाच्या कातडीखाली कायमचे यंत्र बसवतात. खरेदीआधी चालवून पाहण्याची सोय असलेले ऑपरेशन फारसे दुसरे नाही. स्नायू थोडा तुटलेला असला तरी याचा उपयोग होऊ शकतो.

अडचण पैशांची. यंत्राचा खर्च काही लाखांत जातो, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागू शकते, आणि ते बसवणारे व नंतर जुळवून देणारे डॉक्टर मोठ्या शहरांतच असतात. नंतरच्या खेपा परवडतील का याचा विचार आधी करा. पायाच्या घोट्याजवळच्या नसेला सुईने चालना देण्याचा स्वस्त पर्यायही सुचवला जातो. पण ब्रिटनमधल्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत तो खोट्या उपचारापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. त्यासाठी कोणी मोठे पॅकेज विकत असेल तर मी घाई करणार नाही.

गुदद्वारात फुगवणारे इंजेक्शन, मांडीचा स्नायू गुंडाळणे, कृत्रिम कडे बसवणे हेही प्रकार आहेत. पहिल्याचा उपयोग हलक्या गळतीपुरता. मांडीच्या स्नायूचे ऑपरेशन मोठे आहे आणि ते मोजक्या पेशंटसाठीच. कृत्रिम कड्यांना जंतुसंसर्ग आणि बिघाड इतके झाले की ती वापरातून जवळपास गेली.

पोटावरची पिशवी

हा शब्द काढला की घरात रडारड होते. ‘त्यापेक्षा असेच राहू द्या’ म्हणतात. पण ‘असेच’ म्हणजे काय ते पाहा. ती बाई दोन वर्षे लग्नाला गेलेली नाही, एसटीत बसत नाही, शेगावला दर्शनाला जात नाही, नातवाला मांडीवर घेत नाही. दिवसातून चार वेळा कपडे धुते. काही जणांच्या बाबतीत पिशवी हा पराभव नसून सुटका असते. ब्रिटनमध्ये याच त्रासासाठी पिशवी घेतलेल्या लोकांना २००५ च्या एका पाहणीत विचारले, तेव्हा ८४ टक्के लोकांनी पुन्हा वेळ आली तर हेच करू असे सांगितले.

ऑपरेशनमध्ये मोठ्या आतड्याचे तोंड पोटाच्या डाव्या बाजूला काढतात. मल पिशवीत जमा होतो. ती ओतता येते, काही दिवसांनी बदलता येते. पिशवीसकट अंघोळ करता येते, स्वयंपाक, पूजा, शेतातले हलके काम, सगळे करता येते. नीट बसलेल्या पिशवीचा वास येत नाही. वास येत असेल तर ती कुठेतरी सुटली आहे. मूळ गुदद्वारातून थोडा चिकट स्राव येत राहू शकतो, घाबरू नका. तोंडाशेजारी हर्निया होऊ शकतो. म्हणून जड ओझे टाळायचे.

ऑपरेशनआधी जागेची खूण करून घ्या, उभे राहून, बसून आणि वाकूनही. लुगड्याची गाठ किंवा धोतराचा कासोटा जिथे येतो तिथे तोंड आले तर रोज त्रास. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा घामाने चिकटपट्टी लवकर सुटते. कातडी कोरडी करून लावा, जास्तीच्या पिशव्या घरात ठेवा, पण उन्हात तापणाऱ्या टपावर किंवा गाडीत ठेवू नका. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवी वापरणाऱ्यांची संस्था आहे. आधी पिशवी वापरणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलणे हे डॉक्टरच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त उपयोगी पडते.

कुठे जायचे, पैसे कुठून?

सुरुवात जवळच्या जनरल सर्जनपासून करा. जिल्हा रुग्णालय, अमरावतीचे पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथली सर्जरीची ओपीडी चालेल. बाईमाणसाला लाज वाटत असेल तर आधी स्त्रीरोग विभागात दाखवा, तिथून पाठवतात. पुढच्या तपासण्यांसाठी नागपूरचे मेडिकल, एम्स किंवा सेवाग्राम.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ ला, तेव्हा राजीव गांधींच्या नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होते. अकोला २०१३ मध्ये आले. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक ऑपरेशन यादीत नसते, आणि यादीतले ऑपरेशन प्रत्येक दवाखान्यात होत नाही. भरती होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार दाखवा, आणि तुमचे ऑपरेशन योजनेत बसते का हे विचारा. पिशव्यांचा महिन्याचा खर्च योजनेतून मिळेल असे गृहीत धरू नका, तो आधीच जोडून ठेवा.

पहिल्या भेटीला जाताना ती दोन आठवड्यांची वही, बाळंतपणाचे किंवा आधीच्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि मधुमेह असेल तर अलीकडचा रिपोर्ट सोबत न्या. सोबत ज्याच्यासमोर मोकळे बोलता येईल असेच माणूस न्या. मुलापुढे आई बोलत नसेल तर सून किंवा बहीण बरी. प्रवासासाठी पॅड, एक जोडी कपडे आणि दोन रिकाम्या पिशव्या घ्या. तपासणीच्या वेळी खराब झाले तरी संकोच करू नका, सर्जरीच्या ओपीडीत ते रोजचेच असते.